अकरा जणांची एक छाती

त्याला सगळे भाता म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरी घेणारासुद्धा "भाता आला का रे?" असंच विचारायचा. कधीतरी पैजेवर त्याने शेकायची रबरी पिशवी तोंडाने फुगवून फोडली होती, तेव्हापासून हे नाव चिकटलं. भात्याला ते आवडायचं. मिरवायला दुसरं काही नसलं की माणूस छाती मिरवतो.

कारखाना स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी लाद्या कापायचा. दगड म्हणायचा, पण डोंगरातून काढलेला हा दगड नव्हे. गारगोटी दळून तिची पूड चिकट रसायनात कालवायची, दाबायची, भाजायची, की झाली लादी. दिसायला आरशासारखी, डाग म्हणून पडत नाही. शंभरातले नव्वद भाग नुसती गारगोटी. भाता बाहेर अंगणात उघड्यावर असायचा, लाद्या उचलायची गाडी चालवायचा. आत पत्र्याच्या शेडमध्ये अकरा जण करवतीने लादी कापायचे, सिंकसाठी भोक पाडायचे, कडा घासायचे. त्या अकरांत भात्याचा धाकटा भाऊ होता. सिंकचं भोक त्याच्यासारखं कोणी पाडत नसे.

करवतीवर पाणी सोडून कापलं तर धुळीचा चिखल होतो आणि तो खाली बसतो. पण चिखल काढायला माणूस लागतो आणि ओली लादी वाळायला वेळ. मॅनेजरकडे दोन्ही नव्हतं, म्हणजे द्यायचं नव्हतं. म्हणून सगळं कोरडं. दुपारपर्यंत शेडमध्ये समोरचा माणूस दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा. बाहेर आले की अकराही जण पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरेफेक. मग कारखाना प्रत्येकाला ग्लासभर दूध द्यायचा. दुधाने धूळ धुऊन निघते, असं मॅनेजर सांगायचा आणि ते ऐकून सगळे प्यायचे.

वर्षातून एकदा कारखान्याने नेमलेले डॉक्टर यायचे. ऑफिसात टेबलावर यंत्र मांडायचे. नळी तोंडात धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि जीव खाऊन फुंकायचं. किती लिटर हवा निघाली त्याचा आकडा कागदावर छापून यायचा. पहिल्याच वर्षी एक जुना कापणारा कमी भरला. दुसऱ्या दिवशी तो कामावर नव्हता. "अनफिट" एवढाच शेरा. त्याला कोणी औषध दिलं नाही, धूळ कमी केली नाही. माणूस कमी केला.

त्यातून अकरा जण जे शिकले ते शिकले. पुढच्या वर्षी मिस्त्री, म्हणजे शेडमधला सगळ्यात जुना माणूस, भात्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझ्याकडे छाती पडून आहे. आम्हाला जरा उसनी दे."

भात्याने दिली. आधी स्वतःच्या नावाने फुंकलं. मग शेडमध्ये जाऊन तोंडाला मूठभर भुकटी फासली, दुसऱ्याची टोपी घातली, दुसऱ्याचं नाव सांगितलं आणि परत फुंकलं. असं अकरा वेळा. शेवटी शेवटी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, मग मागे पिंपाला टेकून बसायचा आणि सगळे त्याला वारा घालायचे. एका वर्षी डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तू मघाशी आला होतास ना?"

"तो माझा भाऊ, साहेब."

"आणि त्याच्या आधीचा?"

"तो पण भाऊच."

"आईला नमस्कार सांग," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

या गोष्टीवर शेडमध्ये सहा वर्षं हसणं चाललं होतं.

हसणं थांबलं ते धाकट्याचा जिना थांबला तेव्हा. चौतीस वर्षांचा माणूस, दुसऱ्या मजल्यावर राहायचा. आधी मधल्या वळणावर एकदा थांबायला लागला, मग दोनदा. मग एक दिवस तो पायरीवर बसला आणि बायकोला हाक मारण्याइतकीही हवा त्याच्याकडे उरली नाही. शेजारणीने पाहिलं म्हणून कळलं. भात्याने त्याला पाठीवर घालून वर नेलं, तेव्हा लक्षात आलं की भाऊ पोत्यासारखा नाही, उशीसारखा हलका झालाय.

छातीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या. त्यांनी फोटो उजेडावर धरला. काळ्या फुफ्फुसात वरच्या बाजूला पांढऱ्या गाठी दिसत होत्या, भिंतीला चुन्याचे गोळे मारल्यासारख्या. धाकटा, त्याची बायको आणि भाता, तिघं समोर बसले होते.

"डॉक्टरीणबाई, हे रोज दूध घेतात हो," बायको म्हणाली. "एक दिवस चुकवत नाहीत."

"दूध कुठे जातं?"

"पोटात."

"आणि धूळ?"

"छातीत."

"मग त्यांची गाठ कुठे पडणार, सांग बरं." त्यांनी एक जुनं पाकीट उलटं केलं आणि पेनने त्यावर द्राक्षांचा घड काढला. "श्वास जातो तो शेवटी अशा बारीक फुग्यांत. नाकात, घशात अडकते ती जाडी धूळ. डोळ्याला दिसतसुद्धा नाही इतकी बारीक असते ती थेट इथवर येते. इथे सफाईवाल्या पेशी फिरत असतात. जंतू आला, कचरा आला, की त्या गिळतात. प्रत्येकीच्या पोटात एक तेजाबाची पिशवी असते. गिळलेलं त्या पिशवीत टाकायचं आणि विरघळवायचं, हे त्यांचं काम. जंतू विरघळतो. गारगोटी विरघळत नाही."

"मग?"

"उलट तीच पिशवीचा पापुद्रा फाडते. त्यातून ताजा कापलेला कण सगळ्यात वाईट. पिशवी फाटली की तेजाब त्या पेशीच्याच अंगात सांडतं. पेशी मरते. मरताना रसायनं सोडते, म्हणजे हाकाच मारते, धावा, धावा. दुसरी धावत येते. तिथे काय पडलेलं असतं? तोच कण, जसाच्या तसा. ती तो गिळते. ती मरते. तिसरी येते."

"किती येतात अशा?" भात्याने विचारलं.

"येतच राहतात. पेशी मरतात, कण मरत नाही. आणि एका श्वासात असे कण किती, ते मोजून कोणी सांगावं? या गोंधळात शरीराला वाटतं, इथे जखम आहे. मग ते तिथे धागे विणतं, वण धरतं. हातावरचा वण ताणून पाहिलायस कधी? ताणत नाही. तसंच. फुगाच वणाचा झाला तर तो फुगणार कसा?"

धाकटा हसला, म्हणजे त्याचा चेहरा हसला. "म्हणजे माझ्या छातीतही... कोरडंच काम चालू आहे."

"काम सोडलं की बरं होईल ना?" त्याच्या बायकोने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आत गेलेलं बाहेर काढायला माझ्याकडे काही नाही, बाळ. श्वास सोपा करायला औषधं देईन, हवेची नळी देईन. पण ज्यांना अजून एवढं झालेलं नाही, त्यांची धूळ आज थांबली तर ते पुष्कळ वाचतील. शेडमध्ये आणखी किती जण आहेत?"

"दहा," भाता म्हणाला.

"आणि दर वर्षी तपासणी होते म्हणता. मग हे सहा वर्षांत कोणाला दिसलं कसं नाही? फुंकर एका रात्रीत बसत नाही. दर वर्षी थोडी थोडी उतरते."

मग धाकटाच म्हणाला, जमिनीकडे बघत, "दादा फुंकायचा."

त्याच्या बायकोने भात्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी कधी मान वर करून बोलली नव्हती.

"तुम्ही? यांच्या नावाने?"

"अगं, नोकरी जाईल म्हणून..."

"नोकरी जाईल म्हणून! दुसऱ्या वर्षी कळलं असतं तर नोकरी गेली असती. फक्त नोकरी. भाऊजी, तुम्ही इतके दिलदार, सगळ्यांना छाती वाटत फिरलात. आता द्या ना यांना. द्या काढून!"

भात्याने तोंडात मारून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी फक्त कागद पुढे ओढला आणि कारखाना निरीक्षकांना पत्र लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी भाता मॅनेजरसमोर उभा राहिला. "करवतींना पाणी द्या," एवढंच म्हणाला.

मॅनेजरने कपाटातून फाइल काढली. त्याला राग आला नाही, उलट त्याला गंमत वाटत होती. "हे बघ. सहा वर्षांचे कागद आहेत. एकेकाची छाती घोड्यासारखी. धूळ वाईट असती तर हे आकडे आले असते का? तुझ्या भावाचा बघ, गेल्या वर्षी पाच पॉइंट सात लिटर. एका वर्षात माणूस असा बसतो होय? घरी काय ओढतो ते विचार त्याला."

"तो विडीलासुद्धा शिवत नाही."

"मग हे कागद खोटे आहेत का?"

मॅनेजर फाइल बंद करता करता त्याच्याकडे बघत राहिला, आणि भात्याला कळलं: याला ठाऊक आहे. पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. आम्ही सगळे मिळून यांना फसवत होतो असं आम्हाला वाटत होतं, आणि हे आमच्याकडून हवी तशी ढाल घडवून घेत होते. दूध पाजून.

तो बाहेर आला. दुधाच्या सुट्टीत त्याने दहाही जणांना सांगितलं: पत्र गेलंय, डॉक्टरीणबाईंनी फोनही केलाय, पुढच्या आठवड्यात तपासणीच्या दिवशीच निरीक्षक येणार आहेत, आणि मी खरं काय ते सांगणार आहे.

कडा घासणारा बुटका उडी मारूनच उठला. दहांतला सगळ्यात ठेंगणा आणि सगळ्यात तापट माणूस. त्याने भात्याची कॉलर धरली, त्यासाठी त्याला टाचा उंचवाव्या लागल्या.

"तुझं काय जातंय रे? तू उघड्यावर गाडी फिरवतोस. आम्ही खरं फुंकलं की उद्या आम्ही सगळे अनफिट. माझ्या पोरींना तू पोसणार?"

"माझा भाऊ..."

"तुझा भाऊ आजारी पडलाय, वाईट झालं. म्हणून दहा चुली विझवशील?"

"आज ना उद्या तूसुद्धा पायरीवर बसशील, बुटक्या! रात्री उशा किती घेतोस? खरं सांग. एक की तीन?"

बुटक्याने कॉलर सोडली. मिस्त्री ग्लास खाली ठेवत म्हणाला, "भात्या, एक लक्षात ठेव. तू सांगितलंस तरी आम्ही कोणी हो म्हणणार नाही."

तपासणीच्या दिवशी ऑफिसात गर्दी झाली. डॉक्टर यंत्र मांडून बसले होते. मॅनेजर निरीक्षकांना चहाचा आग्रह करत होता. निरीक्षक सडपातळ, शांत, हळू बोलणारे. त्यांनी चहा बाजूला सरकवून फाइल उघडली. दहाही जण भिंतीला लागून उभे होते, टोप्या हातात.

"साहेब," भाता म्हणाला, "ते सगळे कागद माझे आहेत."

"म्हणजे?"

"सहा वर्षं अकरा जणांच्या नावाने मीच फुंकलंय."

मॅनेजर हसला. "भाऊ आजारी आहे हो त्याचा. डोक्यावर परिणाम झालाय. विचारा यांना." त्याने भिंतीकडे हात केला. "कोणाच्या वतीने याने फुंकलंय का?"

दहा माणसं जमिनीकडे बघत होती. भात्याला त्या क्षणी त्यांचा मॅनेजरपेक्षा जास्त राग आला.

निरीक्षकांनी आवाज चढवला नाही. "प्रत्येक कागदावर वेळ छापलेली आहे," ते म्हणाले आणि गेल्या वर्षीचे बारा कागद वेळेप्रमाणे टेबलावर ओळीने मांडायला लागले. पहिला भात्याचा स्वतःचा. पाच पॉइंट नऊ. मग पाच पॉइंट नऊ. आठ. आठ. सात. सात. सहा. शेवटचा पाच पॉइंट तीन. मग त्याच्या आदल्या वर्षीचे मांडले. तोच जिना, वरून खाली. त्याच्या आदल्या वर्षीचाही तोच.

"मी दमायचो साहेब. शेवटी शेवटी दम राहायचा नाही."

"हा पाच पॉइंट सहावाला कोण?" निरीक्षकांनी एक कागद उचलून नाव वाचलं. बुटका अर्धं पाऊल पुढे आला. निरीक्षकांनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहिलं. "एवढ्या उंचीच्या माणसाची छाती साडेतीन लिटरच्या आसपास असायला हवी. तुम्ही दर वर्षी साडेपाचच्या वर सही केलीत."

"असतात काही अपवाद," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले.

"अपवाद!" भाता ओरडला. ऑफिसच्या काचा हलल्या. "तुम्ही मला विचारलंत, मघाशी आला होतास ना! मी भाऊ म्हटलं आणि तुम्ही हसलात! आम्ही अडाणी, आम्हाला वाटलं नोकरी वाचते. तुम्ही शिकलेले. आत पेशी कशी फाटते ते तुम्हाला पाठ आहे. बारा माणसांत एकच छाती, आणि डॉक्टर, तुम्हाला दिसली नाही? की बघायचं नव्हतं?"

"आवाज खाली," मॅनेजर म्हणाला आणि वातावरण हलकं करायला बुटक्याच्या खांद्यावर थाप मारली. "काय रे, तुझी छाती आहेच पिंपाएवढी. सांग साहेबांना. दिसतोस एवढासा, पण आत सगळं पिंपच भरलंय, हो ना?"

आणि तो हसला. डॉक्टरही हसले.

बुटका हसला नाही. त्याने खांद्यावरचा हात झटकला. कान लाल झाले होते. "सरक," तो भात्याला म्हणाला, "माझी छाती मी फुंकतो." त्याने नळी तोंडात धरली. श्वास घेतला, फुंकलं, आणि मधेच खोकल्याची उबळ आली. टेबल धरून तो वाकला. पुन्हा फुंकलं. कागद सरकत बाहेर आला.

दोन पॉइंट एक.

बुटका कागदाकडे बघत राहिला. वाचता येत होतं त्याला. मग त्याने तो कागद मॅनेजरच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला, अगदी हळू, आणि म्हणाला, "तीन उशा घेतो मी. झालं समाधान?"

हे कोणाला उद्देशून होतं ते कळलं नाही. पण मिस्त्री भिंतीपासून सुटला आणि टोपी खिशात कोंबून रांगेत उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. दुपारपर्यंत नऊ कागद छापून झाले. त्यांतला एकही तीनच्या वर नव्हता. निरीक्षकांनी शेडमधल्या करवतींना सील ठोकलं. पाण्याची सोय झाल्याखेरीज पातं फिरणार नाही, आणि तपासणीत कमी भरला म्हणून एकाही माणसाला काढता येणार नाही, असं लेखी दिलं. डॉक्टरांच्या सह्यांची चौकशी वेगळी होईल म्हणाले. मॅनेजर फोनवर कोणाशी तरी तावातावाने बोलत आत-बाहेर करत होता.

फाटकापाशी कोणी भात्याचे आभार मानले नाहीत. त्याने अपेक्षाही केली नव्हती. स्वतःचे आकडे हातात घेऊन नऊ माणसं रस्त्याला लागली.

संध्याकाळी तो भावाकडे गेला. धाकटा खिडकीशी खुर्चीत बसला होता, नाकाला हवेची नळी. बायको बाजूला त्याचे पाय चेपत होती. भात्याने सगळं सांगितलं. धाकट्याने मध्ये मध्ये बोट वर केलं, थांब म्हणून; ऐकायलासुद्धा त्याला दम लागत होता.

"किती जणांनी... फुंकलं?"

"नऊ."

"दहावा?"

भाता खाली बसला. मग म्हणाला, "सिंकच्या करवतीवर तुझ्या जागी बसायचा तो. गडबडीत निघून गेला. फाटकाबाहेर मला गाठलं त्याने. नदीपलीकडच्या कारखान्यात लागलाय, उद्यापासून. तिथेही कोरडंच कापतात."

"आणि?"

"म्हणाला, तिथली तपासणी पुढच्या महिन्यात आहे. येशील का माझ्या नावाने फुंकायला? काय ते घे म्हणाला."

बायकोचे हात थांबले. धाकट्याने डोळे मिटले. छाती दोनदा, तीनदा वर-खाली झाली. तो वाक्य गोळा करत होता, हे दोघांनाही कळत होतं, म्हणून दोघंही मध्ये बोलले नाहीत. मग त्याने डोळे उघडले. त्यांत इतका संताप होता की भात्याला वाटलं, हा आता उठून उभा राहील.

"मग तू इथे... काय करतोयस? जा ना. उद्या... त्याची पाळी सुरू व्हायच्या आत जा."

"ऐकणार नाही तो."

"त्याला इथे आण. ओढून आण." त्याने नाकातली नळी बोटाने दाखवली. "मी सांगतो त्याला. मला एक वाक्य... पुरेल."

धाकट्याच्या बायकोने भात्याची चप्पल उचलली आणि दारात सरळ करून ठेवली. "आत्ताच जा, भाऊजी," ती म्हणाली. "आत्ता घरी सापडेल तो."

भाता जिना दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरला.